पासपोर्ट भारताचा, विषय इंग्रजीचा

निकालाचे दिवस आले की फोन सुरू होतात. कुणी भाच्याचा मित्र, कुणी जुना विद्यार्थी, कुणी नुसताच "तुमचा नंबर अमक्यांनी दिला" म्हणणारा. प्रश्न ठरलेला: "सर, एम.ए. इंग्लिश झालंय, बी.एड. झालंय. बाहेर काही होईल का?" बाहेर म्हणजे परदेशात. ओमानमध्ये तपाहून अधिक काळ इंग्रजी शिकवून मी मिरजेला परतलो, ही बातमी एव्हाना पंचक्रोशीत झालेली आहे. मी "होईल की" म्हणतो, कारण ते खरंच आहे. पण होईल ते किती वर्षं पुरेल, हे सहसा कुणी विचारत नाही. चाळिशी उलटल्यावर, मुलं बारावीला आल्यावर, आई-वडील थकल्यावर ही नोकरी कुठे नेऊन सोडते? हा लेख त्यासाठी आहे.

ही मुलं बाहेर का बघतात, ते मला कुणी सांगायला नको. सेट पास होऊन मीही सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवलेलं आहे. जेवढे तास तेवढे पैसे. परीक्षा आणि सुट्टीच्या दिवसांत शून्य. आणि झालेल्या तासांचं बिल या टेबलावरून त्या टेबलावर फिरून कधीतरी वर्षअखेरीस हातात. कायम जागेची जाहिरात निघालीच तर मुलाखतीच्या आधी कुणीतरी मध्यस्थ चहाला बोलावतो आणि आकडा सांगतो. अशा वेळी मस्कतच्या एका एजन्सीचा ईमेल येतो: राहण्याचा भत्ता, वर्षाला एक विमान तिकीट, आणि पगार रियालमध्ये. माणूस विचार करत बसत नाही. मीही बसलो नाही.

तरी हा धंदा मुळात कुणासाठी बेतला गेला, ते बघायला हवं. जॉन हेक्राफ्ट नावाच्या इंग्रजाने आणि त्याची बायको ब्रिटा हिने 1953 साली स्पेनमधल्या कोर्दोबा शहरात इंग्रजीची शाळा काढली. पुढे ते लंडनला आले, 'इंटरनॅशनल हाउस' उभं राहिलं आणि 1962 मध्ये तिथे शिक्षक तयार करण्याचा एक छोटा अभ्यासक्रम सुरू झाला. केंब्रिजचं 'सेल्टा' नावाचं जे प्रमाणपत्र आज जगभर मागितलं जातं, त्याचं मूळ तिथलं. किमान 120 तासांचं प्रशिक्षण, त्यात सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांसमोर, परीक्षकाच्या नजरेखाली शिकवायचं. पूर्णवेळ केलं तर चार-पाच आठवड्यांत संपतं. भारतातही होतं, खर्च लाखाच्या वर जातो. अभ्यासक्रम उत्तम आहे. शिक्षकाने तोंड कधी बंद ठेवावं, हे मला बी.एड.ने शिकवलं नव्हतं, सेल्टाने शिकवलं.

पण चार आठवड्यांत शिक्षक, ही कल्पना बावीस-तेवीस वर्षांच्या युरोपीय तरुणांच्या जगातली. पदवी झाली, दोन वर्षं जग बघू, मग घरी जाऊन कायमच्या नोकरीचं बघू. म्हणून करार वर्षा-दोन वर्षांचा, राहायला फर्निचरसकट खोली, परतीचं तिकीट, आणि पेन्शनचा विषयच नाही. जपान सरकारची 'जेट' योजना 1987 पासून चालू आहे. तिच्यातून शाळेत सहायक शिक्षक म्हणून गेलेल्याला जास्तीत जास्त पाच वर्षं राहता येतं. मुक्कामाची मुदत नियमातच लिहिलेली आहे. त्या पोरासोरांच्या मापाने शिवलेला हा सदरा. आपल्याकडचा बत्तीस वर्षांचा, लग्न झालेला, डोक्यावर घराचे हप्ते असलेला माणूस तोच घालून आयुष्य काढायला निघतो. मग तो जिथे काचायचा तिथे काचतोच.

त्यात पासपोर्ट. इंग्रजी शिकवायला इंग्रजी किती येतं, याच्या आधी तुम्ही कुठले, हे बघितलं जातं. दक्षिण कोरियात परकी भाषा शिकवण्यासाठी जो ई-2 व्हिसा लागतो, तो इंग्रजीसाठी सातच देशांच्या नागरिकांना मिळतो: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका. भारत-कोरिया आर्थिक करार 2010 पासून लागू आहे आणि त्यात भारतीय सहायक इंग्रजी शिक्षकांसाठी तरतूद आहे. त्या वाटेने गेलेला माणूस मात्र मला अजून भेटायचा आहे. जपानमधल्या खाजगी भाषावर्गात शिकवायचं तर इंग्रजी मातृभाषा नसणाऱ्याला बारा वर्षं इंग्रजी माध्यमात शिकल्याचा पुरावा द्यावा लागतो. म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकून पुढे इंग्रजीत पहिला वर्ग मिळवलेला आपला मुलगा तिथे दारातच अडतो. थायलंडमध्ये इंग्रजीच्या परीक्षेचे गुण दाखवून काम मिळतं, पण तिथल्या शाळांत फिलिपिनो शिक्षकांना गोऱ्या सहकाऱ्यांपेक्षा कमी पगारावर राबताना बघितलं की आपला भाव काय असेल याचा अंदाज येतो.

रॉबर्ट फिलिप्सन या अभ्यासकाने 1992 मध्येच हा समज खोडून काढला होता: जन्माने इंग्रज तोच उत्तम इंग्रजी शिक्षक, याला काहीही आधार नाही. पीटर मेजेश या हंगेरियन प्राध्यापकाने 1994 मध्ये पुस्तकच लिहिलं, की जो स्वतः ही भाषा धडपडून शिकला त्याला विद्यार्थी कुठे अडखळणार हे आधी कळतं. परिषदांमध्ये या दोघांची नावं आदराने घेतली जातात. जाहिराती देणारे परिषदांना जात नाहीत.

राहिलं आखात. आपल्यासारख्यांसाठी मोठं दार तेच, कारण तिथली गरजच मोठी होती. सुलतान काबूस 1970 मध्ये गादीवर आले तेव्हा ओमानमध्ये तीन शाळा होत्या. 1986 मध्ये सुलतान काबूस विद्यापीठ उघडलं. पुढे गावोगाव तंत्रनिकेतनं आणि महाविद्यालयं निघाली, आणि विज्ञान, अभियांत्रिकी, संगणक बहुतेक ठिकाणी इंग्रजीत. शाळा मात्र अरबीत. ही दरी बुजवायला पदवीआधी एक पायाभूत वर्ष आलं, ज्याला तिथे सगळे 'फाउंडेशन' म्हणतात. त्याचे देशव्यापी निकष 2008 मध्ये ठरले. दरवर्षी हजारो मुलामुलींना काही महिन्यांत व्याख्यान समजेल इतकं इंग्रजी शिकवायचं, तर शिक्षक लागणारच. ब्रिटिश आले, अमेरिकन आले, ट्युनिशियाचे, सुदानचे, फिलिपिन्सचे आले, आणि आपण.

शाळांतली गोष्ट वेगळी, ती इथेच सांगून टाकतो. ओमानमध्ये भारतीय मुलांसाठी सीबीएसईच्या वीसहून अधिक शाळा आहेत. तिथे इंग्रजी शिकवायला भारतीय शिक्षकच लागतात, त्यात बऱ्याच जणी नवऱ्याच्या नोकरीमुळे आधीच तिथे राहणाऱ्या. पगार महाविद्यालयांच्या मानाने खूपच कमी. घरात दुसरा पगार असेल तरच ते परवडतं.

हजर पर्वताच्या पलीकडे, मस्कतहून गाडीने दोनेक तासांवरच्या एका गावात माझं कॉलेज होतं. वर्गात पुढच्या रांगेत काळ्या अबायातल्या मुली, मागे पांढऱ्या डिशडाशातली मुलं. 'सर' कुणी म्हणत नाही. स्त्री असो, पुरुष असो, सगळे 'टीचर'. "टीचर, ब्लीज!" अरबीत 'प' नाही, म्हणून प्लीजचं ब्लीज होतं आणि पार्किंगचं बार्किंग. वर्तमानकाळात 'is' लागत नाही, म्हणून "माय फादर टीचर". लिपी उजवीकडून डावीकडे, कॅपिटल अक्षर हा प्रकार नाही, आणि ऱ्हस्व स्वर लिहायची पद्धत नाही. त्यामुळे student मधला e आणि problem मधला o कागदावरून गळून जातात. नव्याने आलेला इंग्रज सहकारी हे बघून हवालदिल व्हायचा. मला त्याचं फारसं काही वाटलं नाही. मी पाचवीत पहिल्यांदा एबीसीडी गिरवलेला, तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेला माणूस; a आणि the यांनी मला किती छळलंय ते मला आठवत होतं. मेजेश म्हणतात ते हेच.

एका सत्रात 'प्रक्रियेचं वर्णन' हा लेखनाचा धडा होता. पाठ्यपुस्तकात चॉकलेट कसं तयार होतं याच्या आकृत्या. उद्देश असा की मुलांनी कर्मणी प्रयोग वापरावा: बिया वाळवल्या जातात, भाजल्या जातात, दळल्या जातात. वर्ग पेंगत होता. मी विचारलं, तुमच्या गावात फलज आहे का? फलज म्हणजे डोंगराच्या पोटातून उताराने शेतापर्यंत आणलेला पाण्याचा कालवा. काही शेकडो वर्षांचे आहेत, आणि अशा पाच फलजांना 2006 मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. एकदम हात वर. मग अर्धी अरबी, अर्धी इंग्रजी आणि फळ्यावर रेघा. पाणी घरोघरच्या हिश्शाप्रमाणे वेळेवर वाटलं जातं. पूर्वी दिवसा जमिनीत रोवलेल्या काठीच्या सावलीवर आणि रात्री ताऱ्यांवर वेळ मोजायचे. हिस्सा विकता येतो, भाड्याने देता येतो, मशिदीलाही स्वतःचा असतो. एका मुलाने सांगितलं की त्याच्या आजोबांची पाळी रात्री यायची आणि कंदील घेऊन जायचं काम त्याच्याकडे असायचं. कृष्णाकाठच्या माणसाला पाण्याची पाळी काय असते, आणि बांधावरून रात्री कोण कुणाशी भांडतं, हे समजावून सांगावं लागत नाही. मी प्रश्न विचारत गेलो, ते उत्तरं देत गेले, आणि water is divided, the turn is sold, the gate is closed अशी वाक्यं फळ्यावर आपसूक उतरली. चॉकलेटच्या धड्यात जे आठवडाभर झालं नसतं ते त्या तासात झालं.

असे तास थोडे असतात. बाकी बहुतेक वेळ लेव्हल एक ते चारच्या चाचण्या, हजेरीच्या वॉर्निंग, इन्व्हिजिलेशन आणि निबंधांचे गठ्ठे यांत जातो. पण हे काम क्षुल्लक नाही, हे सांगायला हवं. त्या पायाभूत वर्षात अडकलेली मुलगी इंजिनिअर होत नाही. ती तिथून पुढे गेली की तिच्या घरातली पहिली पदवीधर होते. काम म्हणून मला ते मनापासून आवडलं. 'वर्थ आहे का' या प्रश्नाचा हा भाग निर्विवाद आहे.

आता पैशाकडे वळतो, कारण फोन त्यासाठीच येतात.

ओमानी रियाल डॉलरला बांधलेला आहे, 1986 पासून एका रियालला सुमारे 2.60 डॉलर. मी गेलो त्या सुमारास, 2010 च्या आसपास, एका रियालचे 118 ते 120 रुपये येत. 2024 मध्ये ते 215 च्या वर गेले. या आकड्यांनी आमच्या पिढीची मोठी दिशाभूल केली. कित्येकांचा रियालमधला पगार वर्षानुवर्षं तसाच होता. एजन्सीच्या नोकरीत वाढ अशी नसतेच, करार 'रिन्यू' झाला हीच वाढ. पण सांगलीच्या बँकेत जमा होणारा रुपयांचा आकडा दरवर्षी फुगत होता, म्हणून प्रगती होतेय असं वाटायचं. प्रगती आमची नव्हती, रुपया घसरत होता. आणि घसरलेल्या रुपयाने इथली घरं, इथली फी, इथली औषधंही महाग झालेली होती.

दुसरं, ग्रॅच्युइटी. खाजगी नोकरीतल्या परदेशी माणसाला तिथे पेन्शन नाही. नोकरी सोडताना जी एकरकमी ग्रॅच्युइटी मिळते तीच म्हातारपणाची काठी. जुन्या कायद्यात पहिल्या तीन वर्षांसाठी वर्षाला पंधरा दिवसांचा आणि त्यानंतर वर्षाला एक महिन्याचा पगार असा हिशेब होता. 2023 च्या नव्या कामगार कायद्याने तो पहिल्या वर्षापासून महिन्याचा केला. ऐकायला बरं वाटतं. पण हा 'पगार' म्हणजे फक्त मूळ पगार, बेसिक. करारात बेसिक कमी आणि भत्ते जास्त दाखवले असतील, तर एकूण पगार तोच राहूनही ग्रॅच्युइटी बरीच आटते. माझ्या एजन्सीने नेमकं हेच केलं होतं. वर पगाराचे तक्तेही दोन: एक 'नेटिव्ह' शिक्षकांसाठी, एक आमच्यासाठी. लेव्हल तीच, वर्ग तोच, पेपर तेच तपासायचे. आयर्लंडहून आलेला, इतिहासाची पदवी असलेला तरुण माझ्यापेक्षा वरच्या तक्त्यात होता, आणि त्याला स्वतःलाच त्याची लाज वाटायची. चांगला मुलगा. दोन वर्षांनी तो घरी जाऊन वकिलीला लागला.

आयकर नाही, हे खरं. ओमानने आता वैयक्तिक आयकर आणला आहे, 2028 पासून लागू होईल, पण तो वर्षाला 42,000 रियालच्या वरच्या मिळकतीवर पाच टक्के. भाषाशिक्षकाला त्याची झळ लागायची नाही. अनिवासी भारतीय म्हणून तिथला पगार इथेही करमुक्त. पण इथे सरकारी किंवा अनुदानित नोकरीत असलेल्या मित्राचं दरमहा आपोआप जमणारं निवृत्तीचं खातं तुमच्याकडे नसतं. ते स्वतः उभारावं लागतं, आणि पहिल्या महिन्यापासून. गावी तीन मजली बंगला बांधून हातात दमडी न उरलेले शिक्षक मी पाहिले आहेत. बंगल्यात वरचे दोन मजले बंद, आणि मालक पंचावन्नाव्या वर्षी कोचिंग क्लासमध्ये तास घेतोय.

मग अस्थिरता. ती एका देशाची किंवा एका मालकाची गोष्ट नाही, या धंद्याच्या हाडात आहे. जपानमधली 'नोव्हा' ही इंग्रजी वर्गांची सर्वात मोठी साखळी ऑक्टोबर 2007 मध्ये कोसळली, तेव्हा हजारो परदेशी शिक्षक पगाराविना अडकले. अनेकांच्या पगारातून कापलेलं भाडं घरमालकापर्यंत पोहोचलंच नव्हतं. चीनने जुलै 2021 मध्ये शाळकरी मुलांच्या खाजगी शिकवण्यांवर निर्बंध आणले आणि परदेशात बसून ऑनलाइन शिकवणाऱ्यांचं काम एका फटक्यात गेलं. माझ्याबरोबर काम करणारे एक ज्येष्ठ प्राध्यापक येमेनच्या विद्यापीठात कित्येक वर्षं शेक्सपिअर शिकवत होते. मार्च 2015 मध्ये तिथे बॉम्बहल्ले सुरू झाले. भारत सरकारच्या 'ऑपरेशन राहत'मधून जे साडेचार हजारांहून अधिक भारतीय बाहेर काढले गेले, त्यांत ते होते. ग्रॅच्युइटी तिथेच राहिली, घरातली पुस्तकंही. साठीच्या उंबरठ्यावर त्यांनी पुन्हा शिकाऊ माणसासारखी नव्या देशात लेव्हल वनपासून सुरुवात केली. तक्रार केलेली मी ऐकली नाही. फक्त पगार झाला की त्याच दिवशी ते सगळा घरी पाठवत.

ओमानमध्ये युद्ध नव्हतं, पण 2020 मध्ये तेलाचे भाव पडले, साथ आली, आणि त्याच वर्षी सरकारी तंत्रनिकेतनं व उपयोजित विज्ञान महाविद्यालयं मिळून एकच विद्यापीठ झालं. शिवाय ओमानीकरण. ओमानी तरुण-तरुणी आता इंग्रजीत एम.ए. करून, कुणी ब्रिटन-ऑस्ट्रेलियातून शिकून परत येतात. त्यांच्या देशातली नोकरी आधी त्यांना मिळावी, यात गैर काहीच नाही. आपण त्यांना शिकवायला गेलो होतो, ते शिकले. पण याचा सरळ अर्थ असा की तुमची जागा दरवर्षी थोडी आकसत जाणार. आणि एक काळ असा होता की जुन्या मालकाची 'एनओसी' नसेल तर नोकरी बदलायला दोन वर्षं देशाबाहेर काढावी लागत. ती अट 2021 च्या सुरुवातीला गेली, हे बरं झालं. मला त्याचा फायदा मिळेपर्यंत मी परतीच्या सामानाची यादी करत होतो.

घरच्यांबद्दल थोडक्यात. बायको फॅमिली व्हिसावर येते आणि त्या व्हिसावर तिला नोकरी करता येत नाही. आमच्या घरी फार्मसीची पदवी कपाटात पडून राहिली, आणि त्याची किंमत माझ्या कुठल्याच हिशेबात धरलेली नव्हती. तिने धरली होती. मुलं सीबीएसईत छान शिकतात. बारावीनंतर आखातातल्या भारतीय कामगारांच्या मुलांसाठी आपल्या एनआयटींसारख्या संस्थांत 'सीआयडब्ल्यूजी' नावाची वेगळी सवलत आहे, ती पालकांना वेळेवर माहीत हवी. पण ती घेतली तरी अठराव्या वर्षी मूल भारतात आणि तुम्ही तिथे. त्याच सुमारास आई-वडिलांच्या आजारपणाचे फोन येऊ लागतात. आणीबाणीची रजा करारात किती दिवस आहे, हे तेव्हा पहिल्यांदा वाचलं जातं.

एवढं सगळं असून काही जण टिकले, नुसते टिकले नाहीत तर वर गेले. ते कोण? जे फक्त इंग्रजी शिकवणारे राहिले नाहीत ते. एक केरळी बाई सेल्टानंतर 'डेल्टा' करून बसल्या, तीन भागांची दमछाक करणारी पदविका, आणि पुढे शिक्षकांना शिकवू लागल्या. एक हैदराबादचा, तिथल्या इफ्लू विद्यापीठातून आलेला सहकारी प्रश्नपत्रिका कशा काढाव्यात यातला जाणकार झाला. प्रश्नपेढी, गुणदानाचे निकष, निकालाचं विश्लेषण. त्याच्यावाचून परीक्षा विभागाचं पान हलत नसे, आणि कपातीच्या यादीत त्याचं नाव कधी आलं नाही. तिसऱ्याने पीएच.डी. करून फाउंडेशनमधून पदवीच्या विभागात उडी घेतली. बी.एड. आणि शाळेचा अनुभव असलेले काही आंतरराष्ट्रीय शाळांत गेले, तिथे पगारात पासपोर्ट थोडा कमी बोलतो. या सगळ्यांनी हे पहिल्या चार-पाच वर्षांत केलं, हाताशी पैसा आणि अंगात दम असताना. बाकीचे आम्ही गुरुवारी संध्याकाळी बिर्याणीचे बेत करत होतो. बिर्याणी उत्तम असायची.

आता तर लेखन-व्याकरणाची किरकोळ मदत मोबाइलमधलं यंत्र फुकटात करतं. मी निघालो त्या वर्षी मुलं प्रश्नाचा फोटो काढून उत्तर मिळवत होती, आणि घरी लिहून आणायचा निबंध हा प्रकार आम्ही जवळपास बंद केला होता. नुसतं व्याकरण समजावणाऱ्याचं काम यापुढे कमीच होणार. फलजसारखा तास घेणाऱ्याचं राहील, असा माझा अंदाज आहे.

तेव्हा फोन करणाऱ्यांना सांगायचं ते असं. पाच-सात वर्षांसाठी जायचं असेल तर जरूर जा, आणि तिशीच्या आतबाहेर जा. सीएचबीवर कुढत बसण्यापेक्षा शंभर पटींनी बरं. कर्ज फिटेल, चार देशांची माणसं भेटतील, शिकवायला खरोखर शिकाल. आयुष्यभरासाठी जायचं असेल, तर डेल्टा, पीएच.डी. किंवा परीक्षांचं काम यांपैकी काहीतरी हातात घेण्याची तयारी असेल तरच जा, नुसत्या एम.ए.वर आणि दर दोन वर्षांच्या सहीवर वीस वर्षं काढण्यासारखी ही नोकरी नाही. ऑफर लेटर आलं की एकूण आकड्याखाली बोट न ठेवता बेसिकखाली ठेवा. पगार तुम्हाला कॉलेज देणार की एजन्सी, कराराची अरबी प्रत आणि इंग्रजी प्रत जुळते का, कुटुंबाचा व्हिसा आणि विमा कुणाच्या खर्चाने, हे लेखी घ्या. नोकरी लावून देतो म्हणून तुमच्याकडेच पैसे मागणाऱ्याला नमस्कार करा.

आणि जाण्याआधी नेट किंवा सेट देऊन ठेवा. सहायक प्राध्यापकासाठीच्या नेटला वयाची अट नाही, आणि एकदा मिळालेलं प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं.